तारामतीची आकडी आणि तपकिरीची डबी

निपाणीच्या बाजारात उभे आहात असं समजा, मुलांनो. कोणी मराठीत मिरचीचा भाव विचारतंय, कोणी कानडीत उत्तर देतंय, कोणी चुकलेल्या पोराला हाका मारतंय. गलका मोठा, पण प्रत्येक जण आपलं बोलतो आणि दुसऱ्याचं ऐकतो, म्हणून बाजार चालतो. आता एका कोपऱ्यातला दुकानदार अचानक एकच शब्द ओरडू लागला. शेजाऱ्यानं तोच शब्द त्याच तालात उचलला, मग त्याच्या शेजाऱ्यानं. बघता बघता सगळा बाजार एका तालात तेच ओरडतोय. आवाज वाढला, पण भाव कोणाला विचारणार?

आकडी येते तेव्हा मेंदूत असंच काहीसं होतं. स्वातंत्र्याच्या आधी, बेळगावच्या एका डॉक्टरांनी हे ब्राह्मीला सांगितलं होतं.

ब्राह्मी कोगनोळीच्या एका जैन शेतकऱ्याची धाकटी मुलगी. थोरली तारामती, तिची आक्का. काम करता करता आक्का मध्येच थांबे आणि पदराचं टोक चिमटीत चोळत बसे. हाक मारली तरी ओ देत नसे. आईला वाटे, पोरगी फुगली. कधी कधी मात्र पुढे ती ताठ होऊन पडे आणि अंग झटके देई.

आकडी आली की नाकाला कांदा लावायचा, ही गावाची रीत. पण चातुर्मासात ब्राह्मीच्या घरात कांदा येत नसे. मग शेजारचे आण्णाप्पाकाका आपली डबी उघडून चिमूटभर तपकीर आक्काच्या नाकात सोडत. थोड्या वेळानं आकडी आपोआप थांबे आणि नाव तपकिरीचं होई. एका पावसाळ्यात मात्र तपकीर आक्काच्या श्वासात गेली. तिला इतका ठसका लागला की ओठ निळे पडले. म्हणून वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तिला बेळगावला नेलं. आक्काच्या सोबतीला ब्राह्मीही गेली.

डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. आकडी कमी येईल, पण एखादे वेळी येईलही, असं सांगितलं. ब्राह्मीनं विचारलं, डोळे उघडे असून आक्काला माझी हाक का कळत नाही? तेव्हा त्यांनी तो बाजार सांगितला.

"हाक कानापर्यंत जाते," ते म्हणाले, "पण आत ती घ्यायला कोणी मोकळं नसतं. ओरडून दमला की बाजार आपोआप थांबतो. तोवर तिचा श्वास मोकळा ठेवायचा. कुशीवर वळवायचं. नाकातोंडात काही घालायचं नाही."

घरी आल्यावर अप्पांनी हे काकांना सांगितलं. काकांनी मान डोलावली, पण डबी कमरेला राहिली ती राहिलीच.

भुईमूग निघाला तेव्हा आई, आक्का आणि ब्राह्मी अंगणात बसून वेलांच्या शेंगा तोडत होत्या. अप्पा रानात होते. आक्काची बोटं थांबली आणि पदराकडे गेली. कोपऱ्यातला दुकानदार ओरडायला लागला, हे ब्राह्मीनं ओळखलं. तिनं जवळचं खुरपं लांब टाकलं आणि आक्काला पोत्यावर आडवं केलं. तोवर आक्काचं अंग ताठ झालं. आईच्या हाकेनं काका धावत आले. अंगठा डबीच्या झाकणावर होता.

ब्राह्मी आडवी आली. "काका, डबी उघडू नका. मागल्या खेपेला तिचा श्वास अडकला होता."

"डॉक्टरीण झालीस व्हय गं? कांदा न्हाय, तपकीर न्हाय, मग नुसतं बघत बसायचं?"

"बघत न्हाय. तिला कुशीवर धरायचं. तुम्ही पाठीशी बसा, न्हायतर लवंडंल ती."

काकांनी आईकडे पाहिलं. आईनं आक्काला कुशीवर वळवायला हात घातला. मग त्यांनी डबी खाली ठेवली आणि आक्काच्या पाठीला गुडघा लावून बसले. ब्राह्मीनं तिच्या डोक्याखाली घडी केलेलं लुगडं सरकवलं. झटके विरळ झाले, मग थांबले. आक्कानं लांब श्वास घेतला. डोळे उघडे होते, पण ती अजून परतली नव्हती. बाजारात एकेक दुकान हळूहळू पुन्हा आपलं बोलू लागतं, तसं तिचं चाललं होतं.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "काय झालतं?" पुढ्यात सगळे वेल विस्कटलेले, काका पाठीशी, आणि मधलं तिला काहीच आठवेना. ती रडवेली झाली.

ब्राह्मी तिला चिकटून बसली. आक्काची बोटं ज्या वेलावर थांबली होती, तो तिनं शोधून काढला आणि तिथून सगळं सांगायला लागली. धावत येताना काकांच्या डोक्यावरचा पटका शेंगांच्या ढिगात पडला, तेसुद्धा तिनं सोडलं नाही.