तारणाऱ्याचा कोट

तारणारा येईल तो थंडीत कुडकुडत येईल, अशी सासूबाईंची ठाम समजूत. म्हणून शिंप्यांच्या त्या घरात त्याच्यासाठी एक लोकरी कोट पिढ्यान् पिढ्या शिवून ठेवलेला होता. त्याचं माप कुणालाच ठाऊक नसल्यानं बाह्या तेवढ्या दुमडायच्या बाकी होत्या. तारणाऱ्याला घाई नव्हती, लोकर खाणाऱ्या कसरीला मात्र होती. कोट रफू करता करता सुनेच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या.

यंदा नवऱ्याचा कोट पार विरला. तिनं मुकाट्यानं पेटी उघडली, त्याच्या मापानं बाह्या दुमडल्या आणि कामावर निघालेल्या नवऱ्याच्या अंगावर तारणाऱ्याचा कोट चढवला.

"आईला काय सांगशील?"

"त्यांना कुठे दिसतंय आता," ती म्हणाली.

संध्याकाळी गोदामातून तो उशिरा परतला. सासूबाई दारातच बसल्या होत्या. चाचपडताना त्यांच्या हाती बाही लागली. ती लोकर त्यांनी ओळखली, मग बाहीची दुमड लागली आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"आलास बाबा? किती वाट पाहायला लावलीस."

सुनेच्या हातातली सुई थांबली.

"बस चुकली, आई," तो म्हणाला आणि बूट काढायला खाली बसला.