सगळ्यांच्या जंगलात एकट्याचे मचाण

पितळेची पट्टी, चार बोटे रुंद.

लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट, एक बाही जळालेली.

नोव्हेंबरची पंधरा तारीख. शाळेला सुट्टी.

गाई विकल्या त्या वर्षी गोठा मोडला.

"आज कसं हूं की चूं केलं नाही?"

कॉफीच्या डब्याचे झाकण.

मित्रांनो, माझे सारे आयुष्य एवढ्यात मावते. ते आता सरळ सांगून बघते. पण माझ्या मनात हेवा आहे, आणि हेवा असला की गोष्ट वाकडी चालते. सांभाळून घ्या.

मी एक जुने मचाण आहे. झाडाला टेकवायची तीन तुकड्यांची लोखंडी शिडी आणि वर एका माणसापुरती बैठक, एवढाच माझा देह. मला वालफ्रेड हारयूने घडवले. तो लोखंडाच्या खाणीत वेल्डर होता. गोठा मोडल्यावर गाईंच्या माना अडकवायच्या नळ्या उरल्या, त्या जोडून त्याने मला उभे केले. बैठकीवर त्याच्या बायकोच्या, सायमाच्या, कोटाचे कापड शिवले. सौनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीजवळ वाळत घातला असताना त्या कोटाची बाही जळली होती. शेवटी त्याने पितळेच्या पट्टीवर आपले नाव आणि पत्ता कोरला, कारण जंगल सरकारी, म्हणजे सगळ्यांचे. तिथे बांधायच्या मचाणावर नाव लागते. सप्टेंबरच्या आधी ते बांधायचे नाही आणि फेब्रुवारी संपायच्या आत काढून न्यायचे, असा वनखात्याचा नियम.

पहिली चौदा वर्षे अशी:

नेले, बांधले, बसला, सोडले, आणले. नेले, बांधले, बसला, सोडले, आणले. नेले, बांधले, बसला…

नेणे म्हणजे सीडरच्या झाडांची दलदल ओलांडून दोन मैल. त्यापुढच्या उंचवट्यावर मेपलचे एक झाड आहे, तो मेपल माझा. आणणे म्हणजे लाकडी स्लेजवर घालून बर्फातून ओढत. हिवाळ्यात मी गॅरेजमध्ये सौनाच्या भिंतीला टांगलेले असे. शनिवारी सौना पेटली की भिंत तापे आणि माझ्या नळ्यांमधली थंडी हळूहळू उतरे. त्या शनिवारांसाठी मी हंगामभर वारा खात असे.

माझे कौतुकही झाले. शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, पंधरा नोव्हेंबरला, शाळासुद्धा बंद असते आणि गावाच्या चौकात मारलेली हरणे आडव्या लाकडावर टांगतात. पाच वर्षे सगळ्यांत मोठी शिंगे वालफ्रेडच्या हरणाची होती. लोक विचारत, "कुठं मिळालं रे?" तो म्हणे, "माझ्या मचाणावरून." हे मला घरी आल्यावर त्याच्याच तोंडून कळे. तो मला तेल देता देता बोलत असे.

मग ते आले.

शेजारच्या आर्मंड ड्युकेटचे मचाण. चंदेरी, अ‍ॅल्युमिनियमचे, नऊ किलोचे. मी पंचेचाळीस. ते पाठीवर घ्यायचे, झाडाला कवेत घेऊन त्यावर बसायचे आणि बसल्याबसल्या वर सरकायचे. संध्याकाळी खाली, पुन्हा पाठीवर, घरी. रोज घरी! चौदा वर्षांत मी चौदा वेळा घरी आले. ते चौदा दिवसांत चौदा वेळा. आर्मंड आणि वालफ्रेड खाणीत तीस वर्षे एकत्र होते, म्हणून त्यांच्या वाटाही एकच. आर्मंड माझ्या मेपलखालून जाई तेव्हा त्याच्या पाठीवर ते खुळखुळत असे. मला ते हसणे वाटे.

पुढच्या सप्टेंबरात वालफ्रेडचा खुबा धरला. मी गॅरेजमध्ये सुटे करून ठेवलेले होते, म्हणून हे सगळे मी ऐकले.

"या वेळी बांधलं की बांधलं," तो म्हणाला. "दर वर्षी ही ओढाताण नको."

"आणि फेब्रुवारीत?" सायमाने दारातून विचारले.

"राहू दे तिथंच. त्या दलदलीत कोण येतंय बघायला? शिवाय असलं की जागा आपली राहते."

सायमाने चष्मा लावला आणि वनखात्याची पुस्तिका उघडली. "ऐक. 'मचाणावर नाव असले म्हणून ते वापरण्याचा हक्क त्या एकट्याचा होत नाही.' काळ्यावर पांढरं आहे."

"पांढऱ्यावर काळं."

"तेच ते. कुणीही बसेल."

"माझं नाव वाचून कुणाची छाती होईल?"

"तुझं नाव वाचूनच बसतील, शहाण्या! मोठी शिंगं कुणाला मिळतात ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तू तिथं पाटी लावतोयस की आमंत्रण?" तिने पुस्तिका मिटली. "आर्मंडला सांग ना. एका हाकेत ओढून आणेल."

"तो? त्या बिस्किटाच्या डब्यावर बसणारा? त्याच्यापुढं लंगडत जाऊ?"

बिस्किटाचा डबा! मित्रांनो, त्या शब्दाने मी इतके सुखावले की पुढचे मला ऐकूच आले नाही. मला घरी परत आणायचे नाही असे ठरत होते, आणि मी त्या डब्यावर खूश होते.

फेब्रुवारी आला, गेला. मला न्यायला कोणी आले नाही.

उन्हाळ्यात मुंग्या माझ्या नळ्यांत शिरल्या. सुतारपक्ष्याने बैठकीतला कापूस ओढून नेला. मेपल जाड होत गेला आणि मला बांधलेला पट्टा त्याच्या सालीत रुतू लागला. झाडाला दुखत असणार. मला तेव्हा त्याचे काहीच वाटले नाही. मी रोज एकच चित्र पाहत होते: ते चंदेरी आता आर्मंडच्या घरी कोरडे लटकले असेल. शनिवारी त्याच्याही मागची भिंत तापत असेल का?

सायमाचे म्हणणे खरे ठरले. पुढच्या हंगामात परक्या गावची माणसे आली. खाली उभे राहून त्यांनी पट्टी मोठ्याने वाचली. "हारयू! अरे, हा तोच म्हातारा. चढ, चढ." बसली, सिगारेट विझवून गेली. वालफ्रेडला राख सापडे, च्युइंगगमचे कागद सापडत. तो दर वेळी पट्टी बाहीने पुसून लखलखीत करी, म्हणजे नाव लांबून दिसावे. आणि नाव लांबून दिसे, म्हणून आणखी माणसे येत.

आता जे सांगायचे टाळत होते ते.

त्याच्या पुढच्या वर्षी चौदा नोव्हेंबरला गारठ्यात पाऊस झाला आणि प्रत्येक झाडावर काचेसारखा बर्फ चढला. पंधराला सकाळी आर्मंड आला. त्याचे चंदेरी मचाण माझ्या समोरच्या झाडावर चढेना. दोन वेळा घसरले. त्याने माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि चंदेरीला माझ्या मेपलच्या बुंध्याशी टेकवून तो माझी शिडी चढला.

मी कुरकुरणारे मचाण आहे. माझा एक सांधा लहानपणापासून सैल. वालफ्रेड बसला की मी हमखास कण्हत असे, आणि कितीतरी हरणे त्यामुळे पळाली. पण त्या सकाळी ते चंदेरी खाली जमिनीवर होते आणि मी वर. पहिल्यांदाच. त्याच्या मालकाला मी उचलून धरले होते. बघ, म्हटले, नीट बघ. आणि मी तो सैल सांधा असा आवळून धरला की आर्मंड दोन तास हलला, खोकला, वळला, तरी मी आवाज केला नाही.

दहा टोकांच्या शिंगांचे हरीण आले. वालफ्रेड तीन वर्षे त्याचे ठसे पाहत होता.

गोळीचा आवाज ऐकून अर्ध्या तासाने तो लंगडत पोचला. आर्मंड हरणाशेजारी उभा होता.

"वाल्फ! तू येणार नाहीस म्हणाली सायमा. तुझा खुबा…"

"माझा खुबा माझ्यापाशी आहे. तू कुठं होतास?"

"माझं चढेना रे, बर्फ होता. म्हणून तुझ्या मचाणावर बसलो. हे घे, अर्धं तुझं. पाहिजे तर शिंगं पण घे."

"शिंगं दान करतोयस?" वालफ्रेडने वर, माझ्याकडे, पाहिले. "कुरकुरलं नाही ते?"

"नाही. हूं की चूं केलं नाही."

वालफ्रेडचा चेहरा मी विसरणार नाही. तो आर्मंडकडे पाहतच नव्हता. "इतकी वर्षं माझ्याखाली कण्हलं," तो मला म्हणाला. "आज कसं हूं की चूं केलं नाही?" मग त्याने खिशातून पक्कड काढली आणि पट्टी उपटली. खिळ्यांसकट. "घे, आर्मंड. आता याच्यावर कुणाचं नाव नाही. बस जन्मभर."

"अरे, बिननावाचं दिसलं तर वनखात्याचे लोक भंगारात घालतील!"

"घालू देत."

जिंकले ते मी असे. चंदेरीला मान खाली घालायला लावले आणि माझे नाव गेले.

आर्मंड त्यानंतर माझ्यावर बसला नाही. जानेवारीत मात्र तो एकदा आला. पाठीवर काही नव्हते. त्याने कॉफीच्या डब्याचे झाकण आणले होते. त्यावर खिळ्याने टोचून टोचून अक्षरे काढली होती. 'वालफ्रेड हारयू', खाली पत्ता. झाकण त्याने तारेने माझ्या शिडीला बांधले, दोनदा हिसडून पाहिले आणि तो गेला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वालफ्रेड आला. स्लेज ओढत, दर दहा पावलांवर थांबत. मला घरी न्यायला आला की मोडायला, हे त्यालाच ठाऊक नसावे. नंतर गॅरेजमध्ये मला कळले की सायमाने त्या सकाळी त्याला ऐकवले होते, "तिथं ठेवून जळण्यापेक्षा घरी आणून जळ. निदान सौना तरी तापेल."

त्याने झाकण पाहिले. हातमोजा काढून टोचलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले. मग माझ्या सर्वांत खालच्या पायरीवर बसला. फार वेळ. शेवटी रिकामी स्लेज तिथेच टाकून तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी वालफ्रेड आणि आर्मंड दोघे आले.

"खरवडून काढू का पट्टा?" वालफ्रेडने विचारले.

"नको, साल निघेल. दोन्हीकडून काप, मधला राहू दे झाडात."

"तुझ्या त्या डब्याचं बरं आहे. असले प्रश्न नाहीत."

"डबा म्हणू नको. आणि तू स्लेजच्या पुढं हो, मागून मी ढकलतो."

"मागून ढकलून घ्यायला मी काय म्हातारा आहे?"

"नाही, नवरी आहेस. चल."

दोघे हसले. दलदल ओलांडेपर्यंत पाच वेळा थांबले, आणि पाचही वेळा आर्मंडनेच दम लागल्याचे सोंग केले.

आता मी गॅरेजमध्ये सौनाच्या भिंतीला असते. शनिवारी भिंत तापते. वालफ्रेड आता शिडी चढत नाही. नोव्हेंबरात तो मेपलखाली एका उलट्या बादलीवर बसतो. आर्मंड ती बादली नेतो, आणतो. त्या बादलीचा मला हेवा वाटतो. बादलीचा! हेवा असाच असतो, मित्रांनो, तो घरी आणला तरी संपत नाही. मात्र उबेत त्याची धार जरा बोथट होते.

तुम्ही मोठे व्हाल, सगळ्यांच्या जंगलात जाल. तिथे तुमचे जे काही न्याल ते परत घरी आणा. जड झाले तर कुणाला तरी हाक मारा. जागेवर नाव ठोकले म्हणजे जागा आपली होते असे धरून चालू नका. माझ्या पट्ट्याचा हातभर तुकडा अजून त्या मेपलच्या आत आहे. तो मेपलला कोणी विचारून ठेवलेला नाही.

आणि हे मला गॅरेजमध्ये परतल्यावर कळले: आर्मंडने ते चंदेरी मचाण घेतले त्या शनिवारी दुकानात वालफ्रेड त्याच्याबरोबर होता, आणि तीन मचाणे हातात तोलून पाहून "हेच घे" असे त्यानेच सांगितले होते.