शनिवारच्या आधी

पद्माने सीटबेल्ट ओढला, तो निम्म्यावर येऊन अडकला. तिने हिसका दिला. स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला मधू थोडा वेळ गंमत बघत राहिला.

"हळू ओढ. चिडून ओढलं की तो येतच न्हाई."

पस्तीस वर्षांनी भेटलेल्या माणसाचं हे तिसरं वाक्य. पहिलं, "आलीस का?" आणि दुसरं, "ऊन लय हाय." कराडच्या स्टँडबाहेर, रसाच्या गाड्याशेजारी तो उभा होता. केस गेलेले, पोट सुटलेलं, उभं राहण्याची ढब मात्र तीच, एका पायावर भार टाकून. सांगलीहून येताना एसटीत पद्माने काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं एक अक्षर तोंडातून बाहेर पडलं नाही. बेल्ट हळू ओढल्यावर सुरळीत आला आणि तिला त्याचाही राग आला.

सोमवारपासून तिला सगळ्याचाच राग येत होता. सोमवारी सकाळी तिचा जावई साईराज दोन मोठ्या बॅगा घेऊन पुण्याला निघून गेला होता, परत न येण्यासाठी. भांडण वर्षभराचं जुनं होतं. शेवट होणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि म्हणूनच नऊ वर्षांच्या शौनकला दहा दिवस उन्हाळी शिबिराला पाठवलं होतं, वाईच्या पुढे, धोमच्या पाण्याजवळ. घरात जे व्हायचं ते त्याच्या डोळ्यांआड व्हावं एवढाच हेतू. "शनिवारी आला की सांगू," पद्माची लेक सृष्टी म्हणाली होती. "तोवर खेळू दे त्याला. आणि आई, तू काही धावत येऊ नकोस. मी ठीक आहे, जेवलेय, कामावर चाललेय." सृष्टी कुपवाडच्या एका कारखान्यात ऑफिस सांभाळते. ती कामावर गेली खरीच.

आणि काल शौनकचं कार्ड पद्माच्या घरी आलं; शिबिराच्या अर्जावर पत्ता तिचाच होता. शिबिरात मोबाइलला बंदी, रविवारी प्रत्येक मुलाने घरी पत्र लिहायचं. पद्माने ते पर्समधून पुन्हा काढलं.

"दाखव," मधू म्हणाला.

"गाडी चालवताय ना? मीच वाचते." ती त्याला अहोजाहो करत होती आणि ते तिच्याच कानाला खटकत होतं. "प्रिय आई-बाबा, मी मजेत आहे. जेवण छान असते. मला खूप मित्र मिळाले. तुमचा शौनक."

"बरं लिवलंय की."

"बरं लिहिलंय? हा पोरगा सायकलचं पंक्चर सांगायचं म्हटलं तरी अर्धा तास घेतो. जेवण छान असते म्हणे! कधी कुठल्या जेवणाला छान म्हणालाय तो? हे त्याचं नाही. हे फळ्यावरचं आहे."

मधूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. फळा कुठला ते त्याला सांगावं लागलं नाही. त्या फळ्यावर तीच तीन वाक्यं पद्मा स्वतः लिहायची.

वाईजवळची ती शाळा उन्हाळ्यात रिकामी असायची आणि तिथे महिनाभर शिबिर चालायचं. पद्मा तेव्हा वीस वर्षांची होती, मधू बावीसचा. दोघं तिथे ताई आणि दादा म्हणून तीन उन्हाळे कामाला होती. पहाटे मुलांच्या पाठीला पत्र्याचे डबे बांधून त्यांना कृष्णेत उतरवायचं, दुपारी भांडणं सोडवायची, आणि रविवारी संध्याकाळी चिंचेखाली बसून मुलांची कार्डं वाचायची. प्रमुख होते नानासो, माणूस प्रेमळ, पण एका बाबतीत पक्का. रडकं पत्र घरी जाता कामा नये. एका पोराला आईबाप घेऊन गेले की दुसऱ्या दिवशी दहा पोरं रडतात, हा त्यांचा अनुभव. तेव्हा पद्माने कार्डांचे दोन गठ्ठे करायचे. रडक्या मुलांना पुन्हा फळ्यासमोर बसवून दुसरं कार्ड लिहून घ्यायचं. मधूने चांगली कार्डं सायकलवरून गावातल्या पेटीत टाकून यायची आणि रडकी फाडून ओढ्यात सोडायची.

पाप वाटावं असं त्यात तेव्हा काही नव्हतं. उलट तो अर्धा तास कधी येतो म्हणून पद्मा आठवडाभर वाट बघायची. 'आंबा मिळाला पण कोय बंड्याने चोखली' असली वाक्यं मधू असा वाचून दाखवायचा की हसून पोट दुखायचं. कार्डं देताघेता बोटाला बोट लागायचं. लागलं की दोघंही फार लक्ष देऊन पुढचं कार्ड वाचायची. एवढंच. त्याच्यापुढे एक पाऊल गेलं नाही, पण त्या एवढ्याशावर तिने पुढची कितीतरी वर्षं काढली होती, आणि हे तिने कुणालाही, चार वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्यालाही, सांगितलेलं नव्हतं. शौनकच्या शिबिराचं पत्रक तिनेच सृष्टीला आणून दिलं होतं. त्यावर मार्गदर्शक म्हणून छापलेलं मधूचं नाव आपण आधी पाहिलंच नव्हतं, असं ती स्वतःला बजावत असे.

आता त्या नावाचंच तिला भय वाटत होतं. आपल्या एका जुन्या हळवेपणापायी पोराला तिथे टाकलं आणि तो तिथे रडतोय, हे चित्र रात्रभर डोळ्यांपुढून हललं नव्हतं. सकाळी सहाला तिने पत्रकावरचा मधूचा नंबर लावला. शिबिर चालवणारा वीरधवल हा मधूचा जुना विद्यार्थी. शनिवारच्या आधी कुणाला आत सोडत नाहीत, पण सरांना नाही कोण म्हणणार?

उंब्रज मागे पडलं. मधूने मागच्या सीटवरचा डबा दाखवला.

"धपाटी हायत. मंगलनं दिल्यात. म्हणाली, काळजीनं आलेलं माणूस उपाशी असतंय."

बायकोचं नाव त्याने सहज घेतलं. पद्माला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं. डबा तिने उघडला नाही.

"अंजना आठवते?" तिने एकदम विचारलं.

मधूला पुढचा ट्रक ओलांडायचा होता, तो त्याने ओलांडला नाही. त्याच्या मागे मागे गाडी ठेवली.

"वडूजची," पद्मा म्हणाली. "दहा वर्षांची होती. तीन रविवार तिने एकच लिहिलं, आई, मला न्यायला या. तिन्ही वेळा मी तिला फळ्यासमोर बसवलं. तिसऱ्यांदा तिने मला विचारलंसुद्धा, ताई, पहिलंपण टाकता ना पेटीत? आणि मी हो म्हणाले. रोज संध्याकाळी ती फाटकाजवळ जाऊन उभी राहायची. येणार कोण? पत्रच गेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांचे आईबाप आले, हिचा चुलता आला, तोही अंधार पडताना. जाताना तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही." तिने कार्ड पर्समध्ये परत ठेवलं. "काल हे कार्ड हातात आलं आणि वाटलं, फेडायची वेळ आली."

"पत्रं गेली होती," मधू म्हणाला.

"काय?"

"तिन्ही. मी फाडायचो न्हाई, पद्मा. कुणाचंच कार्ड फाडलं न्हाई. दोन्ही गठ्ठे पेटीत टाकायचो. रडक्याबरोबर हसरं बी जायचं, म्हणून कुणी धावत आलं न्हाई."

पद्माला आधी अर्थच लागला नाही. मग लागला तेव्हा तिने काच खाली केली. बाहेरची झळ आत आली आणि तिने काच पुन्हा वर केली.

"मग तिला न्यायला कुणी कसं आलं नाही?"

"तेच बघायला मी वडूजला गेलो. सुट्टीच्या दिवशी. नानासोंना सांगितलं, दात काढायला जातो." तो हसला नाही. "घरी चुलता होता. कार्डं त्याच्याकडंच होती. म्हणाला, आवं मास्तर, तिची आई मिरजंला दवाखान्यात हाय, आज हाय उद्या न्हाई. बाप मिलिटरीत, त्याला तार केलीया. पोरीला आणून ठेवू कुणाकडं? चार दिस सुखानं खेळू द्या की तितं. तिला काय सांगू नगा. शपथ घातली मला."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"न्हाई."

"तिला नाही. मलाही नाही."

"तुलापण न्हाई. वाटलं, खेळती हाय तवर खेळू दे. चुलता न्यायला आला तवा तिची आई जाऊन आठ दिवस झालेते. तेबी मला ठावं होतं. मी तिची पेटी उचलून जीपमध्ये ठेवली आणि टाटा केलं. दुसरं काय काय इसरलो असंन, त्यो टाटा न्हाई इसरलो."

आता पद्माला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. आपण पत्र अडवलं या एका गोष्टीपायी तिने स्वतःला किती छळलं होतं! आणि स्वतःलाच कशाला, त्यालाही. शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी त्याने चिंचेखाली विचारलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात येणार का? त्या काळात असं विचारणं म्हणजे सगळंच विचारणं होतं. आणि ती नाही म्हणाली होती. जो माणूस लेकराचं पत्र शीळ घालत फाडायला नेतो, त्याच्याबरोबर आयुष्य कसं काढायचं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं.

"मी नाही का म्हणाले, ते कधी विचारलं नाहीस तू," ती म्हणाली. 'तू' कधी आला ते तिला कळलंही नाही.

"विचारायचं काय? न्हाई म्हणजे न्हाई."

"तू पत्रं फाडतोस म्हणून."

मधूने वायपर चालू केला. काच कोरडी होती, वायपर दोनदा करकरला आणि त्याने तो बंद केला. आनेवाडीचा टोलनाका आला. नाक्यावर तो पुढे बघतच म्हणाला,

"चांगल्यापायी गप बसलो, असं मला लय दिवस वाटायचं. आता न्हाई वाटत."

शिबिराच्या फाटकावर नाथाजी नावाचा म्हातारा राखणदार होता. त्याने मधूला ओळखून हात जोडले, पद्माकडे मात्र संशयाने पाहिलं.

"आवं बाई, शनवारी यायचं की. मदीच आलं म्हंजी पोरं बिथारत्यात." मग मधूला म्हणाला, "तुमी हाय म्हणून सोडतो, सर."

मधू आत आला नाही. बाभळीच्या सावलीत गाडी लावून तिथेच थांबला. पद्मा एकटी पायवाटेने निघाली. समोरून रडवेलं तोंड आलं तर काय करायचं हे तिने ठरवलं होतं: हात धरायचा आणि सरळ गाडीत बसवायचं, मग सृष्टी काय म्हणायचं ते म्हणो. बाबांबद्दल विचारलं तर बाबा कामाला गेलेत. वाक्य तयार होतं.

एक ताई शौनकला घेऊन आली आणि चार पावलं मागे थांबली. वीस-एकवीसची पोरगी, गळ्यात शिट्टी. शौनकचे केस ओले होते, गुडघ्यावर खरचटलेलं, नाक उन्हाने सोललेलं. रडवेला तो अजिबात नव्हता. हसत पळत आला, आणि आजी एकटीच आहे हे दिसल्यावर तीन हातांवर थांबला. हसू गेलं.

"आई कुठंय?"

"कामावर."

"आणि बाबा?"

पद्माने तोंड उघडलं. तयार वाक्य जिभेवर होतं. मागे ती शिट्टीवाली पोरगी मातीत चप्पल घासत उभी होती. पद्मा खाली बसली, गुडघे दुखत होते तरी उकिडवी बसली, म्हणजे त्याचं तोंड समोर आलं.

"बाबा पुण्याला गेले, शौनक. सोमवारी. तिथंच राहणार आहेत. आईचं आणि त्यांचं आता जमत नाही. तुला भेटायला येत राहतील, पण घरी राहायला नाही येणार."

खरचटलेल्या गुडघ्यावरची खपली त्याने नखाने थोडी उचलली.

"मला माहिती होतं," तो म्हणाला. "मी निघालो त्या दिवशी त्यांनी माळ्यावरच्या बॅगा काढल्या होत्या. मोठ्या. मला तर फक्त सॅक होती."

"मग पत्रात असं का लिहिलंस रे? मी मजेत आहे म्हणून?"

"आईने ते वाचायचं होतं ना. दुसरं काहीतरी लिहिलं असतं तर ती रडली असती."

पद्माने त्याला जवळ ओढलं. तो आला. ओल्या केसांना तळ्याचा, शेवाळाचा वास होता. तिच्या खांद्यावर तो थोडा वेळ रडला, आवाज न करता, आणि मग बाहीला नाक पुसून बाजूला झाला.

"चल घरी," ती म्हणाली. "ताईंना विचारते मी."

"आत्ता? उद्या माझं नाटक आहे. मी नसलो तर प्रधान कोण होणार?" त्याने मागे वळून ताईकडे पाहिलं, मग पुन्हा आजीकडे. कपाळाला आठी पडली. "आजी, तू इथं आलीस, तर आईजवळ कोण आहे?"

सृष्टीकडे पद्मा सोमवारपासून एकदाही गेली नव्हती. लेक ठीक आहे म्हणाली, जेवलेय म्हणाली, आणि आईने ते खरं धरून फोन ठेवला होता.

"मी शनिवारी येतो," शौनक म्हणाला. "तू जा."

ती परत येऊन गाडीत बसली तेव्हा मधू धपाट्यांचा डबा उघडून बसला होता. त्याने एक धपाटं तिच्यापुढे धरलं.

"न्यायचा न्हाई?"

"नाही. त्याला सांगितलं मी. सगळं."

मधूने मान हलवली. मग म्हणाला, "कराडला घरी येऊन चहा घे. मंगल वाट बघतीया. आणि मलापण लय बोलायचं हाय तुझ्याशी."

"आज नको, मधू," पद्मा धपाटं मोडत म्हणाली. "सृष्टी सहाला सुटते. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडं असते. ती दाराशी पोचायच्या आधी मला आत जाऊन कुकर लावायचाय."

त्याने घड्याळ पाहिलं. दीड वाजत होता.

"मग एसटीच्या भानगडीत पडू नको. सोडतो सांगलीला," तो म्हणाला आणि गाडी वळवली.