व्हिडिओतली बाई

अद्वैतचं नाक वाहत होतं, आणि त्या नाकाबरोबर घरातल्या सगळ्यांची अक्कलही वाहून गेली आहे असं संध्याचं ठाम मत झालं होतं. तिचं पोरगं रांगत होतं, खिदळत होतं, हाताला लागेल तो कागद तोंडात कोंबत होतं. ताप नाही, धाप नाही. तरी नवव्या महिन्यातली न्युमोनियाची लस दोनदा पुढे ढकलली गेली होती आणि आता अकरावा लागला होता.

"सर्दीत सुई नको," अक्का म्हणाल्या. "नाक स्वल्प कोरडं होऊ दे, मग जाऊ. सरी?"

अक्का म्हणजे संध्याच्या सासूबाई. घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचं. घरात मराठी, तीही 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं का'ला 'सरी' म्हणणारी; उंबऱ्याबाहेर कन्नड. संध्या पुण्याची, लग्न होऊन इथे आलेली. नवरा हर्ष पीण्या या कारखान्यांच्या भागात एका कंपनीत इंजिनिअर. बायको आणि आई यांच्यात वाजायला लागलं की त्याला हटकून हेल्मेट सापडेनासं व्हायचं. आत्ताही तो सोफ्याखाली वाकून शोधत होता.

"अक्का, साध्या सर्दीत लस देतात. अहो, माझं कामच आहे हे!"

ते खरंच होतं. कोरमंगलातल्या एका संस्थेत बसून देशोदेशीच्या आईबापांना न्युमोनियाच्या लसीचं महत्त्व पटवणं, याचाच तिला पगार मिळत होता. केनियातल्या आया, नेपाळातल्या आया, सगळ्यांसाठी ती घसा कोरडा करत होती. आणि इथे दगडी पाट्यासारखी घट्ट बसलेली ही एक आजी जागची हलत नव्हती.

"तुझं काम आहे म्हणूनच तर ऐकते मी तुझं." अक्कांनी शांतपणे फोन पुढे धरला. "मी कुठे माझ्या मनचं बोलते?"

पडद्यावर संध्याच्या संस्थेच्या मराठी व्हिडिओतली एक चित्रातली बाई बाळाला जोजवत होती. आवाज संध्याचा होता, साखरेत घोळलेला. "आपल्या बाळाला न्युमोनियापासून वाचवू या. सगळ्या लसी वेळेवर घेऊ या. बाळाला बरं नसेल तर लस नंतर घ्या."

संध्याने कपाळावर हात मारला.

तिने लिहिलं होतं ते वेगळंच. साध्या सर्दी-खोकल्यात लस चुकवू नका. बाळ गंभीर आजारी असेल तर डॉक्टरांना विचारा. मग ते वाक्य मीटिंगमध्ये गेलं. एकाला ते लांब वाटलं, दुसऱ्याला भीतीदायक. तिचा साहेब रविकिरण म्हणाला, "संध्या, गंभीर हा वर्ड फार निगेटिव्ह आहे गं. आपलं मेसेजिंग पॉझिटिव्ह हवं. सिंपल ठेव ना." ती भांडली. थोडीशी. मग जेवणाची वेळ झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि ते कापून बोडकं केलेलं वाक्य तिनेच माइकसमोर वाचलं. तेच आता फिरत फिरत तिच्या दिवाणखान्यात येऊन बसलं होतं.

"ते वाक्य चुकीचं आहे," ती म्हणाली.

"मग बोललीस कशाला?"

संताप नेमका कुणावर काढावा ते संध्याला कळेना. तिने अद्वैतला उचललं, शर्टाच्या बाहीने त्याचं नाक पुसलं आणि चपला पायात सरकवल्या. "मी आत्ता चाललेय."

"मीही येते," अक्का पदर खोचत म्हणाल्या. "त्याला काही झालं तर घरचं माणूस नको जवळ?"

आपण घरचं माणूस नाही की काय, हे शब्द संध्याने रिक्षा मिळेपर्यंत कसेबसे गिळले.

दवाखान्याच्या दारातच एक तरुण बाई मुलीला शालीत गुंडाळून परत निघाली होती. नर्स तिला कन्नडमध्ये थांबवत होती आणि बाई मराठीत "नको, नको" म्हणत होती.

"काय झालं हो?" संध्याने विचारलं.

मराठी ऐकून बाईचा चेहरा उजळला. ती सोलापूरकडची, नवरा पीण्यात लेथवर कामाला. "हिचं नाक गळतंय ना. आन् त्या डॉक्टरीण बाई सांगतात, बरं नसंल तर नंतर घ्या. मालकांच्या कंपनीच्या ग्रुपवर आलंया." तिने फोन दाखवला. तीच चित्रातली बाई.

पीण्याच्या कारखान्यांच्या ग्रुपवर हा व्हिडिओ जावा म्हणून संध्यानेच महिनाभर लोकांच्या मागे तगादा लावला होता.

"ती डॉक्टर नाही," ती म्हणाली. "ती मी आहे. माझा आवाज आहे तो. साध्या सर्दीत लस घ्यायची असते, ताई. मी तेव्हा चुकीचं बोलले."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तवा चुकीचं बोलला, तर आता खरं बोलताय कशावरनं?"

संध्याने अद्वैतला तिच्यासमोर धरलं, शेंबडासकट. "हे बघा याचं नाक. तुमच्यासमोर याला टोचून घेते."

आणि घेतलं. नर्सने त्याला तपासलं, ताप नाही ना पाहिलं आणि मांडीत सुई दिली. अद्वैतने दवाखाना डोक्यावर घेतला. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. बाई दारात उभी राहून सगळं बघत होती, आणि घटकाभर संध्याला वाटलं, आता ती आत येईल.

"तुमचं धाडस हाय," बाई म्हणाली. "मी घरी इचारून येते." शाल आणखी घट्ट करून ती पायऱ्या उतरली. संध्या रडणाऱ्या पोराला घेऊन तिच्या मागे धावली, "अहो ताई, आजच घ्या, नंतर राहून जातं!" असं ओरडली, पण बाईने वळूनही पाहिलं नाही. नंतर म्हणजे कधी, हे संध्याला घरच्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं.

ती आत येऊन बाकावर बसली. लसीनंतर थोडा वेळ थांबायचं असतं. अद्वैत हुंदके देत होता. त्याचं काम झालं, तो वाचला, आणि तरीही तिला रडू कोसळायच्या बेतात होतं.

शेजारी अक्कांचा फोन वाजला. "आपल्या समाजाच्या ग्रुपवर आलंय बघ," त्या म्हणाल्या आणि सवयीने बोट लावलं. साखरेत घोळलेला आवाज दवाखानाभर पसरला. बाकांवरच्या आया माना वळवून ऐकू लागल्या. "आपल्या बाळाला न्युमोनियापासून वाचवू या..."

"अक्का," संध्या म्हणाली, "पाया पडते तुमच्या, त्या बाईला आधी गप्प करा."