तलावाच्या पोटातलं मैदान

दुष्काळ पडला की सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळायचं आणि बिभीषणच्या पायांना खाज सुटायची. हे त्यानं आयुष्यात कुणाला सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं नव्हतंच. शिरूर कासारच्या अंगाला असलेलं त्याचं गाव म्हणजे सगळा दगडधोंड्यांचा कारभार. सपाट, बिनदगडाची जागा एकच, गावामागच्या तलावाचं पोट. आणि ते उघडं पडायचं फक्त तलाव आटल्यावर.

फुटबॉलचं खूळ गावात आणलं शाळेतल्या ड्रिलच्या मास्तरांनी. ते हैदराबादेत शिकलेले, येताना एक चामड्याचा चेंडू घेऊन आले. आठव्या दिवशी बाभळीच्या काट्यानं त्या चेंडूचा निकाल लावला. पोरं सुतक पडल्यासारखी बसली, तेव्हा बिभीषणचा जोडीदार म्हाळू, त्याच्या आईनं, ताराबाईनं, मेंढरांच्या लोकरीचा गोळा ओला करून मळून मळून घट्ट केला आणि वरून शेळीचं कातडं शिवून दिलं. धनगराच्या घरात लोकरीला काय तोटा. तो चेंडू उडायचा कमी आणि लोळायचा जास्त. पोरं त्याला चेंडू म्हणतच नसत, मेंढी म्हणायची. बिभीषण पुढं खेळायचा, म्हाळू गोलात. म्हाळूला कुणी काही शिकवलं नव्हतं. कळपातून फुटणारं कोकरू आडवं होऊन धरायची सवय होती, तीच तिथं कामाला आली.

बहात्तर साली तलाव असा आटला की पोटातल्या मातीवर चालताना पायाला गादी लागावी. मास्तरांची बदली तोवर तलवाड्याला झाली होती. तिथंही त्यांनी पोरं तयार केली आणि निरोप धाडला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी टीम घेऊन येतो. बिभीषणला रात्री झोप लागेना. आणि नेमकी त्याच आठवड्यात गावानं धोंडी काढायची ठरवली.

पाऊस मागायला एका पोराच्या अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, त्याला दारोदार फिरवायचं, बायकांनी त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, ही धोंडी. त्या वर्षी धोंडी झाला बिभीषण. प्यायला पाणी नव्हतं, तरी बायका त्याच्यावर पाणी ओतत होत्या. तोंडानं तो सगळ्यांबरोबर पाऊस मागत होता, आणि मनातल्या मनात देवाला सांगत होता, एवढी मॅच होऊ दे, मग काय पाडायचा तो पाड. तेरा वर्षांच्या पोराचं मागणं ते. त्यात काय एवढं, असं आपण म्हणू. पण अंगावर पाणी होतं, लिंबाचा पाला होता आणि सगळं गाव त्याच्याकडे हात जोडून बघत होतं.

मॅच झाली. दोन-एकनं जिंकली. दोन्ही गोल बिभीषणचे, आणि म्हाळूनं अडवले ते मोजायलाच कुणी नव्हतं. मास्तरांनी दोघांच्या पाठीवर अशी थाप मारली की दोन दिवस पाठ हुळहुळत होती. पाऊस मात्र आला नाही, ना त्या आठवड्यात, ना त्या वर्षी. म्हाळूच्या घरची दोनशे मेंढरं होती. पौषापर्यंत वीस राहिली. मग म्हाळूचा बाप आप्पा बिऱ्हाड घेऊन परळीला वीज केंद्राच्या कामावर निघाला. सगळी आळी त्यांना वाटेला लावायला गेली. बिभीषण तेवढा घरात धान्याच्या कणगीमागं बसून राहिला. म्हाळूनं दोनदा हाका मारल्या, मग तोही गेला.

पुढं बिभीषण खेळत राहिला. खळ्यावर खेळला, बीडच्या कॉलेजात खेळला, कापून झालेल्या उसाच्या फडात खेळला. लग्नात हळदीच्या पायानं खेळायला गेला म्हणून बायकोनं, कौशल्याबाईनं, पहिलं भांडण केलं ते अजून मिटलेलं नाही. गुडघे गेले, केस गेले, गावच्या सोसायटीचा चेअरमन झाला, तरी समोर काही गोल दिसलं की पाय पुढं जायचाच. फक्त गोल झाला की जिथं बाकीचे नाचत, तिथं ह्याच्या पोटात काहीतरी खुपायचं.

दोन हजार सोळा साली तलाव पुन्हा तसाच आटला. बिभीषण सत्तावन्नचा. पहाटे उठून, धोतर सोडून मुलाची जुनी चड्डी चढवून तो तलावात जायचा आणि एकटाच चेंडू मारत बसायचा. अशात साखर कारखान्यानं ठरवलं, गावागावांतल्या तलावांचा गाळ काढायला पोकलेन पाळीनं द्यायचं, गावाला पाच दिवस. ट्रॅक्टर सोसायटीनं लावायचे, गाळ ज्यानं त्यानं आपल्या रानात न्यायचा. बिभीषणच्या गावाची पाळी शुक्रवारी लागली. तलावाचं पोट उकरलं जाणार, म्हणजे मैदान कायमचं गेलं. त्यानं नंबर शोधून म्हाळूला परळीला फोन लावला. चव्वेचाळीस वर्षांनी. म्हाळू म्हणाला, शनिवारी धाकट्या लेकीची सुपारी फुटतीय, रविवारी येतो.

शुक्रवारी मशिनीपुढं नारळ फुटला. ऑपरेटरनं विचारलं, कुठून सुरू करायचं. काळाभोर गाळ होता तलावाच्या मध्यावर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओढा तलावात शिरतो तिथं नुसती भरड वाळू. बिभीषणनं ओढ्याकडं बोट दाखवलं. पाण्याची वाट आधी मोकळी करू, मग मधला गाळ घेऊ, असं छातीठोकपणे सांगितलं. चेअरमनचा शब्द, कोण मोडणार. शुक्रवार गेला, शनिवार गेला. पहिल्या ट्रॉल्या वत्सलाबाईच्या माळरानावर पडल्या होत्या, कारण ती एकटी बाई, तिचं रान आधी करून द्यायचं असं गावानंच ठरवलं होतं. शनिवारी संध्याकाळी ती सोसायटीत आली आणि दारातच उभी राहिली.

"आण्णा, ह्या वाळूत काय उगवंल? माती कवा येणार?"

सोमवारी, असं बिभीषण म्हणाला, आणि कागदात डोकं घातलं. ती माघारी गेली. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण त्यानं मशीन हलवलं नाही.

रविवारी दहाच्या सुमारास म्हाळू आला. परळीच्या राखेत नोकरी काढलेला, खोकणारा, पण खांदे तसेच. दोघं एकमेकांना धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हाळूनं तलावाकडं नजर टाकली आणि त्याचं हसू ओसरलं.

"मधला गाळ सोडून वाळू कावून उपसायलाव बे?"

बिभीषणनं सांगून टाकलं. तुझ्यासाठी थांबवलं, एकदा खेळायचं होतं. आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही राहिलं नाही. धोंडीत देवाकडं काय मागितलं होतं ते, मेंढरं मेली ते, कणगीमागं बसलो होतो ते. सांगताना तो लहान पोरासारखा रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

 म्हाळू हसला, हसता हसता खोकला.

"येडा का खुळा तू? पाऊस काय तुझ्या बापाचा सालगडी हाय, तुझं ऐकून थांबायला? आमची मेंढरं दुष्काळानं मेली. इतकी वर्सं हे उरावर घेऊन फिरलास व्हय?" एवढं बोलून त्यानं डोळे पुसले, आणि मग आवाज खाली आणला. "पर बिभ्या, ही मशीन तुझं ऐकून थांबली. ह्याचं काय?"

बिभीषणला आता उमगलं. चव्वेचाळीस वर्षं न केलेल्या पापासाठी झुरला, आणि खरं पाप गेल्या दोन दिवसांत केलं, तेही डोळे उघडे ठेवून. तो उठला आणि तडक ओढ्याकडं गेला. ट्रॅक्टरवाले, शेतकरी, वत्सलाबाई, सगळे होते तिथं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"पाण्याच्या वाटंचं मी खोटं सांगितलं. मला तिथं खेळायचं व्हतं म्हणून मशीन इकडं लावली. तुमचे दोन दिस माझ्यापायी गेले. वत्सलाबाई, आता पहिली ट्रॉली तुमची."

 एकजण थुंकला. वत्सलाबाई ट्रॅक्टरवर चढून बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, चल. ऑपरेटरनं मशीन फिरवलं.

पोकलेनची चाल गोगलगायीची. ओढ्यापासून मध्यापर्यंत यायला त्याला पंधरा-वीस मिनिटं लागणार होती. बिभीषण खाली मान घालून मैदानाकडं आला, तर म्हाळू बिभीषणचा चेंडू पुढं टाकून, पायातल्या वहाणा काढून दोन दगडांच्या मधे उभा.

"ती मशीन येस्तोवर मार की," म्हाळू म्हणाला.

मग दोघं खेळले. सत्तावन्न वर्षांचा एक मारत होता आणि तेवढाच दुसरा आडवा पडून धरत होता. धूळ उडत होती, गुडघे कुरकुरत होते, मशीन खडखडत जवळ येत होतं. म्हाळूनं चार अडवले, पाचवा सुटला. बिभीषण दोन्ही हात वर करून ओरडला, आणि त्याच्या ध्यानात आलं की पोटात आज काही खुपलं नाही. हे इतकं सोपं होतं, आणि इतक्या उशिरा.

मशीन पन्नास पावलांवर येऊन थांबलं. ऑपरेटरनं इंजिन हळू केलं आणि वाट बघत बसला. त्याला बहुतेक दया आली होती. म्हाळूही गोल सोडायला तयार नव्हता, अजून एक, म्हणून खुणावत होता. बिभीषणनं चेंडू उचलून काखेत मारला, म्हाळूचा हात धरून त्याला बाजूला घेतलं, गोलाचे दोन्ही दगड स्वतः उचलून लांब टाकले आणि त्या जागेवर पाय आपटून ऑपरेटरला म्हणाला,

"इथं लाव. सगळ्यात काळी माती इथं हाय."