नियमाबाहेरची वार्ता

“काकू, त्या साइटवाल्यांनी आपलं लिवलेलं पुसून टाकलं,” गजाला म्हणाली.

पार्वताबाईंनी पदर सावरला. “काहून? खोटं लिवलं होतं काय आपन?”

“खोटं नाही. पन थे उत्तर नव्हतं. तिथं प्रश्नाखाली फक्त उत्तरच चालते.”

“मंग माह्या पोराच्या मरनाची खबर बी कायद्यात बसत नाही म्हन!”

नांदगाव पेठेतील कापड कारखान्याच्या संगणक विभागात गजाला आणि पार्वताबाईंचा मुलगा कुलदीप शेजारी बसत. काम आटोपले की कुलदीप प्रोग्रामरांच्या त्या संकेतस्थळावर अनोळखी लोकांच्या अडचणी सोडवीत असे. मोबदला नाही, ओळखदेख नाही. कुणाचे अडलेले काम मार्गी लागावे, एवढीच त्याची निष्ठा. दिवाळीनंतर तापाने तो गेला. त्याचा फोन मात्र पार्वताबाई नित्यनेमाने चार्ज करीत. त्यावर काल काठमांडूच्या एका शिक्षकाचा प्रश्न आला आणि शेजाऱ्यांनी तो त्यांना वाचून दाखवला. देवनागरी नावे छापण्याचा कुलदीपचा जुना कोड त्या शिक्षकाच्या नव्या संगणकावर चालत नव्हता. कुलदीप आता नाही, एवढे त्या शिक्षकाला कळावे, म्हणून पार्वताबाई दर्यापूरहून जीपने अमरावतीला गजालाच्या घरी आल्या होत्या आणि दोघींनी तशी ओळ त्या प्रश्नाखाली लिहिली होती.

“दाराशी आलेल्याले मुक्यानं उभं ठेवू नये, बेटा. वाट पाहून राहिला असन थो.”

“मंग उत्तरच देऊ,” गजाला म्हणाली. तिने तो कोड आपल्या संगणकावर चालवून पाहिला, कालबाह्य झालेली ओळ बदलली आणि पार्वताबाईंनी सोबत आणलेल्या फोनवर उघड्या असलेल्या कुलदीपच्याच खात्यावरून त्याचे जुने उत्तर दुरुस्त केले.

चहा होईस्तोवर शिक्षकाचे आभार आले. गजालाने ते मराठीत सांगितले: “चालला! तुम्ही नेहमीसारखेच मदतीला धावलात, कुलदीपजी.”

पार्वताबाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले.

“आता सांगू काय त्याले, काकू? या आभाराखाली दोन शब्द लिवता येतात.”

“नोको वं. त्याच्यासाठी जिता हाय, तं जिता राहू दे.” मग त्या हळूच म्हणाल्या, “सुखी राहा, एवढं लिव.”

“असलं बी पुसतात थे लोक.”

“पुसू दे. तोवर वाचून तं घेईन थो.”

गजालाने ते शब्द लिहिले. खाली नाव आपोआप उमटले: कुलदीप.