एकाच चुकीची दोन नाणी

जुन्या नाण्यांची पारख करणाऱ्याकडे लोक सत्य विचारायला येतात, असा माझा तरुणपणी समज होता. लोक येतात ते सही घ्यायला.

फांताच्ची सरांनी रोमजवळच्या साबिना भागातल्या आमच्या गावात चाळीस वर्षं लॅटिन शिकवलं, त्यातली पाच वर्षं मला. त्यांची बायको नोरिना चार वर्षांपूर्वी वारली. लग्नाच्या वर्षी तिने रोमच्या रविवारच्या बाजारातून त्यांना चांदीचं एक रोमन नाणं आणून दिलं होतं. एका बाजूला रोमा देवीचं डोकं उठावात. दुसऱ्या बाजूलाही तेच डोकं, पण आत खचलेलं आणि उलट्या तोंडाचं. टांकसाळीतला गुलाम आधीचं नाणं साच्यावरून काढायला विसरला आणि पुढचा घाव त्यावरच बसला. दोन हजार वर्षांपूर्वीचा हलगर्जीपणा, म्हणून दुर्मीळ.

हे नाणं अस्सल ठरलं तर गावच्या संग्रहालयातल्या एका खोलीला नोरिनाचं नाव मिळणार होतं. निर्णय गुरुवारी. दाखला मी द्यायचा होता आणि मी देत नव्हतो. वजन भरलं तीन ग्रॅम बारा; हवं चारच्या आसपास. आणि अंग कसं, तर वापरलेल्या साबणासारखं.

"झिजलंय ते, पेत्रिनी. मीही झिजलोय. मी काय खोटा आहे?"

"तुम्ही झिजलात, सर. तुम्हाला कुणी वितळवून ओतलेलं नाही."

मंगळवारी दुपारी सर पुन्हा आले. टाय न लावलेले सर मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी रुमाल उलगडला. आत दुसरं नाणं. झुरिकच्या लिलावातून आणलेलं, मोटार विकून.

"बघ! जुळं! एकटं होतं तेव्हा तू शंका काढत होतास. आता दोन साक्षीदार आहेत. बोल!"

मी दोन्ही भिंगाखाली घेतली. तेच डोकं, तोच खड्डा. पण हनुवटीखालची खोकही तीच, कडेची भेगही त्याच जागी, तेवढीच. हातोड्याने एकेक ठोकलेल्या नाण्यांत असं कधी होत नाही. साचा एक असेल. भेग ज्याची त्याची असते.

"सर, दोन पोरांच्या वहीत एकच चूक सापडली, तर तुम्ही काय म्हणायचात?"

"म्हणायचंय काय? तू आणि तो बेर्नाबेई, दोघांनीही हानिबालच्या हत्तींचे घोडे केले होते. सरळ दिसतंय, एकाने दुसऱ्याची..."

सर थांबले. खुर्ची शोधून बसले.

"कोणी कोणाची?" त्यांनी विचारलं.

मी काटा पुढे ओढला. झुरिकचं तीन ग्रॅम सत्त्याऐंशी. नोरिनाचं तीन बारा. मूळ नाण्यावरून ओतलेली नक्कल हलकी भरते.

"पुन्हा ठेव."

ठेवलं. तीन बारा.

"तुझा काटा बिघडलाय."

मी ठरावीक वजन ठेवून दाखवलं. काटा शहाण्यासारखा वागला. सरांनी नोरिनाचं नाणं स्वतःच्या हाताने ठेवलं, बोटाने हळूच दाबलं, आणि आकडा वाढलेला पाहून मान फिरवली. मग माझं मनगट धरलं.

"पेत्रिनी, जड नाणं तिचं म्हणून लिही. दिसायला सारखीच आहेत. कोणाला कळणार आहे?"

"सर, ते खोटं होईल."

"शेवटच्या वर्षी तुला पास केलं, ते खरं होतं?"

मी मनगट सोडवून घेतलं.

"गुडघे टेकू? टेकतो. पण उठवायला तुलाच लागेल, आधीच सांगतो." आणि ते खरोखरच टेबलाचा आधार घेऊन खाली जायला लागले.

मी लिहिलं. वजन तीन ग्रॅम सत्त्याऐंशी, नाणं अस्सल. 'कोठून आले' या रकान्यात: श्रीमती नोरिना फांताच्ची यांची खरेदी. शिक्का मारला, आणि तो सरळ उमटला याचं मला उगाच वाईट वाटलं. हलकं नाणं सरांनी उचलून कोटाच्या खिशात टाकलं.

शनिवारी खोली उघडली. दारावर पितळी पाटी, आत काचेखाली नाणं, भोवती सगळं गाव हातात पेला घेऊन. सर बाहेर, जिन्यापाशी.

"अहो प्रोफेसर, आत या ना!" नगराध्यक्षबाई त्यांना न्यायला आल्या. "दिव्याखाली तुमच्या बायकोचं नाणं काय दिसतंय!"

"मला तो एसी सोसत नाही," सर म्हणाले.

बाईंनी अभिनंदनाला हात पुढे केला. सरांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता, मूठ घट्ट. त्यांनी डावा दिला.